मोबाइलवरचा खेळ : आधी नाव विचारा, मग घड्याळ पाहा

दवाखान्यात येणाऱ्या पालकांच्या तोंडी हल्ली एक वाक्य ठरलेले असते. मूल तापाने आलेले असो, पोटदुखीने असो की डोकेदुखीने असो, औषधाची चिठ्ठी हातात पडली की आई हळूच म्हणते, "डॉक्टर, याला मोबाइलबद्दलही जरा दोन शब्द सांगा ना. दिवसभर गेम खेळत असतो." मी विचारतो, "कोणता गेम?" बहुतेक वेळा उत्तर येते, "काय की, कसला तरी गोळ्या झाडायचा आहे." वडिलांना विचारावे तर तेही आईकडे पाहतात.

ताप आला असे सांगितल्याबरोबर डॉक्टर औषध लिहून देत नाही. ताप किती दिवसांचा, थंडी वाजते का, लघवीला जळजळ होते का, असे चार प्रश्न तो आधी विचारतो. कारण 'ताप' हे एका रोगाचे नाव नव्हे. तसेच 'गेम' हेही एका गोष्टीचे नाव नव्हे. दुपारी अर्धा तास लुडो खेळणारे आजोबा, रात्री एक वाजेपर्यंत लढाई खेळणारा दहावीतला नातू आणि पगाराचे पैसे पत्त्यांच्या अ‍ॅपवर लावणारा जावई, तिघेही मोबाइलच खेळत असतात. पण तिघांचा त्रास वेगळा आणि उपायही वेगळा. म्हणून या आठवड्यात आपल्या घराघरांत सध्या कोणते खेळ खेळले जातात, खेळणाऱ्यांना त्यात काय वाटते आणि त्यातून प्रकृतीवर काय परिणाम होतो, याची माहिती करून घेऊ.

शटर नसलेले दुकान

चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना १९९० च्या दशकातील व्हिडिओ गेमची दुकाने आठवत असतील. नाणे टाकायचे, दांडी फिरवायची आणि पडद्यावर 'गेम ओव्हर' अशी अक्षरे उमटली की खिसा चाचपत घरी जायचे. काहींच्या घरी टीव्हीला जोडायचे यंत्र होते. त्यात कॅसेट घालून 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' खेळले जात. पुढे १९९७ च्या सुमारास नोकियाच्या फोनवर 'स्नेक' हा सापाचा खेळ आला. या सर्व खेळांना एक सोय होती. ते कुठेतरी संपत. खिशातले पैसे संपत, दुकानाचे शटर खाली येई, नाहीतर साप भिंतीवर आपटून मरे.

आजचे बहुतेक खेळ फुकट मिळतात, पण खेळ बनवणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न जाहिरातींवर आणि खेळातल्या खरेदीवर चालते. आपण जितका वेळ पडद्यासमोर बसू, तितका त्यांचा फायदा. त्यामुळे खेळ संपू नये, संपला तरी खेळणारा उद्या परत यावा, अशीच त्याची रचना असते. रोज हजेरी लावली की बक्षीस, चार दिवसांनी नवी स्पर्धा, दोन महिन्यांनी नवा 'सीझन'. या दुकानाला शटर नाही. ते लावायचे काम आता घरातल्या माणसांनाच करावे लागते.

पहिला प्रकार : लढाईचे खेळ

शाळा-कॉलेजातल्या मुलांत 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया', म्हणजे मुलांच्या भाषेत 'बीजीएमआय', आणि 'फ्री फायर मॅक्स' हे दोन खेळ फार लोकप्रिय आहेत. बीजीएमआयचे मूळ 'पबजी'. चीनशी संबंध असलेल्या अ‍ॅपवर सरकारने बंदी घातली, तेव्हा सप्टेंबर २०२० मध्ये पबजीही बंद झाला. २०२१ च्या जुलैत तो बीजीएमआय या नावाने परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा काढला गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. 'फ्री फायर' या मूळ खेळावर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण त्याचेच 'मॅक्स' हे भावंड चालू राहिले. सांगायचे तात्पर्य, सरकारच्या बंदीवर विसंबून पालकांनी निश्चिंत राहू नये.

खेळ असा असतो : विमानातून शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. शस्त्रे गोळा करायची, इतरांना मारायचे आणि स्वतः जगायचे. सुरक्षित वर्तुळ हळूहळू लहान होत जाते. शेवटी जो उरतो, तो जिंकतो. एका सामन्याला साधारण अर्धा तास लागतो. फ्री फायरमध्ये पन्नास खेळाडू असतात आणि सामना दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो.

दहावीतल्या एका मुलाला मी विचारले, "आई जेवायला बोलावते तेव्हा उठत का नाहीस?" तो म्हणाला, "डॉक्टरकाका, आम्ही चौघे मित्र एका टीममध्ये असतो. मी मधेच उठलो की बाकीचे तिघे मरतात. मग ते दुसऱ्या दिवशी शाळेत बोलत नाहीत." हे उत्तर प्रत्येक पालकाने ऐकण्यासारखे आहे. आईला वाटते, मुलगा उद्धट झाला. मुलाला वाटते, मी मित्रांचा विश्वासघात कसा करू? कबड्डीच्या डावात चढाईला गेलेल्या मुलाला आपण "वरण गार होतेय" म्हणून मैदानातून ओढून आणत नाही. हा खेळ मधे थांबवता येत नाही, एवढे एक कळले तरी घरातली निम्मी भांडणे मिटतील. अशा खेळाला मिनिटांचा हिशेब लावू नये, सामन्यांचा लावावा. "पाच मिनिटांत बंद कर" असे म्हणण्यापेक्षा "हा एक सामना, मग जेवण, मग दुसरा नाही" असे आधीच ठरवावे. आणि सामना सुरू होण्यापूर्वी सांगावे, मध्यावर नव्हे.

प्रकृतीच्या दृष्टीने या खेळाचा मुख्य त्रास झोपेला होतो. लढाई खोटी असली तरी शरीराला ते कळत नाही. छाती धडधडते, तळहात घामेजतात, श्वास जलद होतो. संकटाच्या वेळी शरीरात सुटणारे अ‍ॅड्रेनॅलिन हे द्रव्य इथेही सुटते. रात्री बारा वाजता असा सामना संपवून मुलगा अंथरुणावर पडला, तरी त्याचे शरीर अजून रणांगणावरच असते. मग झोप येत नाही, म्हणून तो पुन्हा मोबाइल उघडतो.

दुसरा प्रकार : न संपणारे खेळ

२०१२ पासून चालत आलेले 'कँडी क्रश सागा' आणि 'सबवे सर्फर्स' हे या प्रकारातले. पहिल्यात एका रंगाच्या गोळ्या जुळवायच्या, दुसऱ्यात रेल्वेच्या रुळांवरून पळत राहायचे. गोळ्या जुळवणाऱ्यांत गृहिणी आणि नोकरदार स्त्रिया पुष्कळ दिसतात. मधुमेहाच्या तपासणीला येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "दुपारची कामे आटोपली की अर्धा तास खेळते. डोक्यातला गोंधळ शांत होतो." त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. विणकाम करताना किंवा तांदूळ निवडताना मनाला जसा विसावा मिळतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

अडचण अशी की या खेळाला थांबायची जागा नाही. कँडी क्रशमध्ये पाच 'जीव' मिळतात. ते संपले की दर अर्ध्या तासाने एक परत येतो. म्हणजे खेळ आपल्याला थांबवतो, पण "अर्ध्या तासाने या हं" असे सांगूनच. शिवाय जिंकणे अनियमित असते. कधी तिसऱ्या खेपेला, कधी विसाव्या. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे दाखवून दिले होते की दाणा अनियमित मिळत असेल, तर कबूतर चोच मारणे सहजासहजी सोडत नाही. माणसाचा मेंदूही याबाबतीत फारसा निराळा नाही. १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी व्हिडिओ गेम खेळणाऱ्या आठ पुरुषांच्या मेंदूची चित्रे घेतली. खेळत असताना त्यांच्या मेंदूत डोपामिन हे द्रव्य अधिक सुटते, असे त्यांत आढळले. काही हवेहवेसे वाटणे आणि त्यासाठी धडपडणे, यांत या द्रव्याचा मोठा भाग असतो.

दुपारच्या अर्ध्या तासाने कोणाचे बिघडत नाही. हाच खेळ रात्री दिवा मालवल्यावर अंथरुणात सुरू झाला, की झोप तासाभराने लांबते आणि सकाळी अंग जड होते. "डॉक्टर, थकवा फार येतो, रक्त कमी झाले असेल का?" असे विचारणाऱ्यांनी हिमोग्लोबिन जरूर तपासावे. पण आपण नेमके किती वाजता झोपतो, हेही एकदा प्रामाणिकपणे लिहून काढावे.

तिसरा प्रकार : घडवण्याचे खेळ

'माइनक्राफ्ट' हा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला. यात ठोकळे रचून घरे, पूल, किल्ले, शेते उभी करायची. दिवाळीत माती कालवून किल्ला करणाऱ्या मुलाला जो आनंद मिळतो, त्याच जातीचा हा आनंद आहे. सहावीतल्या एका मुलीने मला तिचा किल्ला दाखवला. तटबंदी, दरवाजा, आत विहीर, सारे होते. तिच्या आईने तो त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. अशा खेळाला सरसकट वाईट म्हणू नये. काळजी घ्यायची ती वेळेची आणि पाठ वाकवून बसण्याची.

'रोब्लॉक्स' मात्र नीट समजून घेतला पाहिजे. तो एक खेळ नसून खेळांचा बाजार आहे. लोकांनी बनवलेले असंख्य खेळ तिथे असतात, त्यातले काही लहानांना योग्य, काही अयोग्य. तिथे अनोळखी माणसांशी गाठ पडू शकते. जत्रेत आपण लहान मुलाचा हात सोडत नाही. इथेही सोडू नये. 'खेळात कोणी तुझे नाव, शाळा, फोटो किंवा फोन नंबर मागितला, तर आधी आम्हाला सांगायचे. आम्ही रागावणार नाही', असे मुलाला स्पष्ट सांगून ठेवावे. शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे. रागाच्या भीतीने मुले नेमकी तीच गोष्ट लपवतात.

चौथा प्रकार : पटावरचे खेळ

'लुडो किंग' हा नवी मुंबईतील कंपनीने २०१६ साली काढलेला खेळ. २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघर पोचला. त्याबरोबर कॅरम, बुद्धिबळ, क्रिकेट हेही मोबाइलवर रंगतात. पुण्यातल्या नातवाबरोबर रोज संध्याकाळी लुडोचा डाव मांडणारे एक निवृत्त गुरुजी म्हणतात, "फासा मोबाइलच टाकतो, त्यामुळे चिटिंग नाही. आणि नातू आपणहून फोन करतो, हे काय कमी?" एकटेपणा हा म्हातारपणीचा मोठा आजार आहे. त्यावर हे औषध वाईट नाही. बुद्धिबळाचे तर काय सांगावे! नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून पुष्कळ मुले मोबाइलवर बुद्धिबळ खेळू लागली आहेत. पण तेही एकदा पट मांडून, समोरासमोर बसून खेळावे. ज्येष्ठांनी जवळचा चष्मा लावूनच खेळावे आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

पाचवा प्रकार : पैशाचे खेळ

हा प्रकार खेळ म्हणून मोजूच नये. पैसे लावून रमी, पोकर किंवा क्रिकेटचे अंदाज खेळणे म्हणजे जुगार, मग तो चावडीमागे खेळा की मोबाइलवर. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आणली. तरीही चोरवाटांनी चालणारी अ‍ॅप्स मित्रांकडून लिंक म्हणून येतात. ती उघडूसुद्धा नयेत.

यात अडकलेला माणूस क्वचितच "मला जुगाराचे व्यसन आहे" असे म्हणत दवाखान्यात येतो. तो येतो झोप न लागण्यासाठी, छातीत धडधडण्यासाठी, पित्तासाठी. घरच्यांना पत्ता नसतो. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी तो पुन्हा लावतो, मग उसने घेतो, मग दागिना गहाण पडतो. कर्जाच्या ओझ्याखाली काही जण जीव द्यायच्या विचारापर्यंत पोचतात. घरातला कर्ता माणूस एकाएकी चिडचिडा झाला, फोन लपवू लागला, विनाकारण उसनवारी करू लागला, तर त्याला एकट्याला जवळ बसवून विचारा. ओरडू नका. "कर्ज किती आहे ते सांग, आपण मिळून फेडू" हे शब्द अशा वेळी औषधापेक्षा जास्त काम करतात. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवता येते.

मुलांच्या फुकट खेळातही पैशाचा एक चोरदरवाजा असतो. फ्री फायरमध्ये 'डायमंड' आणि बीजीएमआयमध्ये 'यूसी' नावाचे चलन खऱ्या पैशांनी विकत मिळते. त्यातून कपडे, बंदुकांचे रंग आणि सोडतीसारखी बक्षिसे घेता येतात. वडिलांच्या यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक असेल, तर तो आजच बदला.

शरीर काय सांगते?

डोळे : आपण एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्याहून खाली येते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात. थेंब घालण्यापूर्वी एक साधा उपाय करा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहा. अंगणातले झाड त्यासाठी उत्तम. मुलांत जवळच्या चष्म्याचा नव्हे, तर लांबचे न दिसण्याचा दोष वाढतो आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवला, काहींत नाही. २०१५ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. मैदानावर जाणाऱ्या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना हा दोष नव्याने आला, न जाणाऱ्यांपैकी ३९.५ टक्के मुलांना. म्हणजे मोबाइल काढून घेण्याइतकेच मुलाला उन्हात, मोकळ्यावर पाठवणेही महत्त्वाचे.

अंगठा आणि मान : १९९० साली अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात 'निन्टेन्डिनायटिस' असे गमतीदार नाव असलेल्या दुखण्याची नोंद झाली. व्हिडिओ गेमची कळ सतत दाबून अंगठा दुखू लागला होता. आज तेच दुखणे मोबाइलमुळे दिसते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येते, बादली उचलताना जीव जातो. दोन आठवडे अंगठ्याला विश्रांती आणि शेक हा पहिला उपाय. मानेचे म्हणाल, तर आपले डोके चार-पाच किलो वजनाचे असते. ते तासन् तास पुढे झुकवून ठेवले तर मान दुखणारच. मोबाइल छातीच्या उंचीवर धरावा. लोळून खेळू नये.

झोप : ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. बारा वाजता झोपून सहाला शिकवणीसाठी उठणारा मुलगा रोज किमान दोन तासांचा कर्जदार होतो. हे कर्ज तो वर्गात पेंगून फेडतो. मग मार्क कमी आले की दोष बुद्धीला दिला जातो.

फिट आणि चक्कर : लखलखणाऱ्या प्रकाशाने काही मुलांना फिट येऊ शकते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये 'पोकेमॉन'चा एक भाग टीव्हीवर पाहताना सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले होते. फिटचा आजार असलेल्यांपैकी फारच थोड्यांना, सुमारे ३ टक्के लोकांना, प्रकाशाचा असा त्रास होतो. तरीही घरात कोणाला फिट येत असेल तर अंधारात खेळू देऊ नये आणि झोपमोड होऊ देऊ नये. आणखी एक. खेळाच्या उत्तेजनेत मूल एकाएकी बेशुद्ध पडले, तर 'जेवला नव्हता म्हणून चक्कर आली' असे म्हणून सोडून देऊ नका. हृदयाच्या ठोक्यांचे काही जन्मजात दोष असे पहिल्यांदा उघडकीस येतात. डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या.

याला आजार केव्हा म्हणायचे?

रोज दोन तास खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार आपल्या रोगांच्या यादीत घेतला. २०१९ साली त्याला मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. त्यात तासांचा आकडा दिलेला नाही. तीन खुणा दिल्या आहेत. पहिली, खेळावर ताबा राहत नाही. थांबू म्हटले तरी थांबता येत नाही. दुसरी, जेवण, अभ्यास, मित्र, इतर आवडी या सगळ्यांच्या आधी खेळ येतो. तिसरी, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहतो, किंबहुना वाढतो. आणि हे साधारण बारा महिने टिकलेले हवे. लक्षणे फार तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येते. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा आजार होतो, असेही संघटना सांगते.

कधीकधी खेळ हा रोग नसून रोगाचे लक्षण असतो. शाळेत कोणी छळत असेल, अभ्यास झेपत नसेल, घरात रोज भांडणे होत असतील, तर मूल खेळात तोंड लपवते. तिथे ते कोणीतरी असते, जिंकत असते. अशा मुलाचा नुसता मोबाइल काढून घेणे म्हणजे पावसात भिजणाऱ्याची छत्री हिसकावणे होय. आधी पाऊस कसला आहे ते पाहावे.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या अमेरिकेतील ३३ सर्जनांची एक पाहणी २००७ साली प्रसिद्ध झाली. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्या सर्जनांनी सरावाच्या कसोटीत ३७ टक्के कमी चुका केल्या. यावरून गेम खेळले की मूल सर्जन होते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. हाताला आणि नजरेला वळण लागते, इतकेच.

घरात काय करावे?

१. मुलाशेजारी बसून त्याचा एक सामना पूर्ण पाहा. नाव, नियम, सामन्याची लांबी विचारून घ्या. मुले मोठ्या उत्साहाने शिकवतात.

२. नियम त्याच्याशी बोलून ठरवा आणि कागदावर लिहून भिंतीला लावा. शाळेच्या दिवशी किती सामने, सुटीत किती, हे त्यात असावे.

३. झोपण्यापूर्वी एक तास कोणताही खेळ नाही. रात्री घरातले सर्व मोबाइल बाहेरच्या खोलीत एका जागी चार्जिंगला लावावेत. सर्व म्हणजे आईवडिलांचेसुद्धा.

४. ताटावर मोबाइल नाही. दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेचा हा सल्ला २०१९ चा आहे. घास भरवण्यासाठी मोबाइल लावण्याची सवय तर मुळीच लावू नये.

५. रागाच्या भरात मोबाइल हिसकावू नका, आपटू नका. त्यातून घराघरांत नको ते प्रसंग घडतात. सवय फार वाढली असेल तर ती दर आठवड्याला थोडी थोडी उतरवा.

६. काढून घेतलेल्या वेळाच्या जागी काहीतरी द्या. मैदान, सायकल, पोहणे, वाचनालय, घरातले एखादे काम. रिकामी संध्याकाळ पुन्हा मोबाइलकडेच जाते.

एवढे करूनही महिनाभरात फरक पडला नाही, मूल शाळेत जायला नकार देऊ लागले, अंगावर धावून येऊ लागले किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर वाट पाहू नका. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतूनही. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेत तर अशा तक्रारींसाठी २०१४ पासून स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. म्हणजे ही अडचण फक्त आपल्याच घरातली नाही, आणि तिच्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे मूल वेडे ठरवणे नव्हे. दात दुखला की दाताच्या डॉक्टरकडे जातो, तितकेच ते सरळ आहे.

पुढच्या वेळी मुलाला घेऊन दवाखान्यात याल, तेव्हा 'दिवसभर गेम खेळतो' इतकेच सांगू नका. खेळाचे नाव, सामने किती, झोप किती वाजता आणि मैदानावर किती वेळ, ही चार उत्तरे एका कागदावर लिहून आणा. डॉक्टरांचे निम्मे काम तिथेच होईल. आणि तो कागद लिहिताना मुलाला शेजारी बसवलेत, तर उरलेल्या कामालाही घरीच सुरुवात होईल.